मोरोविंडला तीन संध्याकाळी द्या

'द एल्डर स्क्रोल्स' या गेममालिकेवरचा वाद बहुतेक वेळा एकाच वळणाने जातो. एक गट म्हणतो, २००२ चा मोरोविंड हा शेवटचा खरा गेम, त्यानंतर सगळा पोरखेळ. दुसऱ्या गटाने २०११ चा स्कायरिम शेकडो तास खेळलेला असतो, मोरोविंड अर्ध्या तासात काढून टाकलेला असतो, आणि 'चाळिशीतल्या लोकांच्या आठवणी आहेत त्या' असं म्हणून तो मोकळा होतो. दोघांनाही विनंती आहे. हे दोन गेम इतके वेगळे का झाले ते आधी समजून घ्या. आणि ज्यांनी जुना गेम खेळलाच नाही, त्यांनी तो स्कायरिमसारखा न खेळता, तो जसा खेळायला हवा तसा तीन संध्याकाळी खेळून बघा. मग हवं ते बोला.

आधी एक गैरसमज बाजूला करू. कंपनी विकली गेली, नवे लोक आले आणि त्यांनी मालिका बिघडवली, असं काही झालेलं नाही. मोरोविंड, २००६ चा ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम हे तिन्ही गेम अमेरिकेतल्या मेरिलँडमधल्या बेथेस्डाचेच आणि तिन्हींची सूत्रं टॉड हॉवर्ड याच माणसाच्या हातात होती. 'कन्सोलवाल्यांसाठी सोपं केलं' हेही अर्धंच खरं, कारण मोरोविंडसुद्धा २००२ मध्येच एक्सबॉक्सवर आला होता आणि तिथे चांगला चालला होता. मालिकेची सुरुवात तर याहून जुनी. १९९४ चा अरीना मुळात आखाड्यात झुंजणाऱ्या योद्ध्यांच्या टोळीचा गेम व्हायचा होता. विजय लक्ष्मण आणि त्यांचे सहकारी तो करत असताना आजूबाजूचं जग आणि भुयारंच मोठी होत गेली, आखाडा गळून पडला, पण जाहिराती आधीच छापून झाल्यामुळे नाव तेच राहिलं. १९९६ च्या डॅगरफॉलचा नकाशा ग्रेट ब्रिटनएवढा असल्याची जाहिरात होती, आणि त्यातला बहुतेक भाग यंत्राने पाडलेला होता. मोरोविंडने त्याच्या अगदी उलट केलं. व्हार्डेनफेल हे एकच बेट घेतलं आणि त्यावरचा दगड न् दगड हाताने ठेवला. म्हणजे 'जुनं' म्हणून ज्याची पूजा चालते, तेही आपल्या काळात मालिकेला दिलेलं धक्कादायक वळणच होतं. तेव्हाही डॅगरफॉलवाले रडलेच असणार.

आता मुद्द्याचं. मोरोविंड आणि स्कायरिम यांच्यातला सगळ्यात मोठा फरक चित्रांचा नाही, लढाईचाही नाही. तो रस्ता सांगण्याचा आहे.

मोरोविंडमध्ये तुम्ही कैदी म्हणून सेडा नीन या दलदलीतल्या छोट्या बंदरात उतरता. हातात एक पुडकं मिळतं, ते बाल्मोरा गावात कायस कोसाडेस नावाच्या माणसाला द्यायचं. तो कुठे राहतो? अमुक खानावळीत जाऊन विचारा. त्याच्याकडून पुढचं काम घ्यायला गेलात की तो एकाकडे पाठवतो, आणि तो म्हणतो, मला आधी अमुक एक पेटी आणून दे. ती पेटी आर्कंगथांड नावाच्या पडक्या अवशेषात आहे. गावातून दक्षिणेला निघा, मूनमॉथचा किल्ला लागेल, तिथून पूर्वेला चला, लाव्हाने कोरलेली खोल घळ दिसेल, तिच्यावर जुना पूल आहे, तो ओलांडा, दरवाजा दिसला तरी तो ढकलून उघडत नाही, जवळच्या नळावरची कळ फिरवा. एवढं सगळं तो तोंडी सांगतो आणि ते तुमच्या रोजनिशीत उतरतं. नकाशावर खूण नाही. बाण नाही. आणि आत गेल्यावर ती पेटी एवढीशी, फळीवर मुकाट ठेवलेली. हजारो खेळाडू तिच्यासमोरून दोनदा-तीनदा गेले असतील. चिडचिड होते, खोटं कशाला बोला. पण तो पूल पहिल्यांदा दिसतो तेव्हा 'सापडला!' असं जे वाटतं ते तुमचं असतं.

स्कायरिममध्ये होकायंत्रावर बाण असतो. तुम्ही बाणाकडे चालता. वाटेत लांडगा आला तर मारता, गुहा दिसली तर शिरता, बाहेर येऊन परत बाणाकडे. वाईट आहे का हे? नाही. पण जागा शोधण्याचं काम तुमच्याकडून बाणाकडे गेलं आणि त्याबरोबर समोरच्या माणसाचं बोलणं नीट ऐकायची गरजही गेली.

हे झालं कशामुळे, यावर माझं मत असं की याचं मूळ आवाजात आहे. मोरोविंडमधली बहुतेक संभाषणं लिखित आहेत. भेटल्यावरची एखाद-दुसरी ओळ तेवढी ऐकू येते, बाकी सगळं वाचायचं. लेखकाला हवं तेवढं लिहिता येत होतं, शेवटच्या महिन्यात वाक्य बदललं तरी फुकट. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक ओळ बोलायची ठरली. सम्राटाला पॅट्रिक स्ट्युअर्टचा आवाज, मार्टिन या पात्राला शॉन बीनचा. ऐकायला थाट मोठा! पण एकेक ओळ स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायची, मग परकीय भाषांत पुन्हा, आणि सगळं एका डीव्हीडीत बसवायचं. अशा वेळी 'किल्ल्यापासून पूर्वेला, घळीवरचा पूल' हे पहिल्यांदा कापलं जाणार. बोलणं आखडलं, पत्ते गेले, आणि पत्ते गेल्यावर बाणाशिवाय गत्यंतर राहिलं नाही. पोरं आळशी झाली म्हणून बाण आला, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा तपासून बघावा. ऑब्लिव्हियनमध्ये तर पैशांची ओढाताण कानाला कळते. सगळ्या राज्यात मोजकेच आवाज फिरतात, आणि भिकाऱ्याशी बोलताना त्याचा आवाज मध्येच पार वेगळ्या माणसाचा होतो.

म्हणूनच जुन्या खेळाडूंचा एक लाडका सल्ला मी देणार नाही: 'स्कायरिममध्ये बाण बंद करा, मग खरी मजा.' बाण बंद केलात तर पुष्कळ कामांत काही कळणारच नाही, कारण समोरच्याने पत्ता सांगितलेलाच नसतो. तो गेम बाण गृहीत धरून लिहिलेला आहे, तसाच खेळा.

आता मोरोविंडवाल्यांना दोन कडू गोष्टी. तुमच्या लाडक्या गेममधले काही पत्ते चक्क चुकीचे आहेत; पूर्वेला जायला सांगतात आणि जागा भलतीकडेच निघते. दुकानदार रात्रंदिवस एकाच जागी उभा असतो, झोपत नाही, जेवत नाही. ऑब्लिव्हियनने माणसांना दिनक्रम दिला. ती उठतात, कामाला जातात, देवळात जातात, रात्री दार लावून झोपतात. चोरी करणाऱ्याला या एका गोष्टीने केवढं रान मोकळं मिळालं! गुहांचंही तेच. ऑब्लिव्हियनची भुयारं एकाच माणसाने रचली होती आणि ते जाणवतं. स्कायरिममध्ये त्यासाठी आठ जणांचा संघ होता. शेवटच्या दालनात पोचलात की एक फळी खाली पडते आणि तुम्ही थेट तोंडाशी येता, मागची सगळी पायपीट वाचते. ब्लीक फॉल्स बॅरोमधला गोल दरवाजा आठवतो? त्याचं उत्तर तुमच्याच पिशवीतल्या सोनेरी पंज्यावर कोरलेलं असतं, फक्त तो हातात घेऊन उलटा करून बघावा लागतो. खेळाडूवर विश्वास टाकणं स्कायरिमला येतच नाही, असं म्हणणाऱ्याने तो दरवाजा विसरू नये.

तरी एका बाबतीत मी जुन्या गटाच्या बाजूने उभा आहे. मोरोविंडमध्ये मांत्रिकांच्या संघात वर चढायचं तर मंत्रविद्या खरोखर यावी लागते. ठरावीक कौशल्यं ठरावीक पातळीला पोचली नाहीत तर बढती नाही, कितीही कामं करा. स्कायरिममध्ये तलवार फिरवत फिरवत, दोन-चार मंत्र म्हणून तुम्ही विद्यापीठाचे कुलगुरू होता. त्याच आठवड्यात योद्ध्यांचेही प्रमुख, चोरांचेही. कोणी हरकत घेत नाही. सगळं सगळ्यांना मिळालंच पाहिजे, या हट्टापायी पदाला किंमत उरली नाही. कौशल्यंही मोरोविंडमध्ये २७ होती, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८. बळ, बुद्धी, चपळाई हे गुण तर पार काढून टाकले. आकडा घटला याचं मला दुःख नाही, त्यातली बरीच कौशल्यं कोणी वापरत नव्हतं. 'हे तुला जमणार नाही' असं गेमने सांगणं बंद केलं, ते खटकतं.

ऑब्लिव्हियनने तर वाटमारी करणाऱ्यांनासुद्धा तुमच्याबरोबर वाढवलं. तुम्ही बलवान झालात की रस्त्यावरचा लुटारू काचेचं महागडं चिलखत घालून शंभर नाण्यांसाठी तुम्हाला अडवतो. ते चिलखत विकलं असतं तर जन्माचं भागलं असतं त्याचं. या गेमची २०२५ मध्ये नवी, देखणी आवृत्ती आली आहे, पण तिला दणकट यंत्र लागतं. साधा लॅपटॉप असेल तर जुनीच घ्या.

तर, तीन संध्याकाळी. पहिल्या अर्ध्या तासात नवे खेळाडू मोरोविंड का सोडतात ते मला ठाऊक आहे. उंदरावर सुरा चालवतात, सुरा उंदराच्या अंगातून जाताना दिसतो आणि तरी लागत नाही. गेम बिघडलेला नाही. इथे घाव लागणार की नाही हे पडद्याआड फासे टाकून ठरतं, त्यात तुमचं त्या शस्त्रातलं कौशल्य आणि दमसास दोन्ही मोजलं जातं, आणि धावलात की दमसास उतरतो. म्हणजे सुरुवातीला पात्र घडवताना एक शस्त्र निवडा, ते मुख्य कौशल्यांत ठेवा, त्याच जातीचं शस्त्र वापरा, आणि लढाईआधी धावू नका, चालत जा. एवढं केलंत तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

जलद प्रवास नाही, हाही गैरसमज. मोठ्या गावांमध्ये सिल्ट स्ट्रायडर नावाचे महाकाय किडे उतारू नेतात, नावा आहेत, मांत्रिकांच्या संघातून क्षणात दुसऱ्या गावी पोचता येतं. एका जागी खूण करून ठेवणारा आणि तिथे परत नेणारा असे दोन मंत्र आहेत, ते लवकर शिका. कुठून कुठे काय जातं हे पाठ होत गेलं की ते बेट ओळखीचं होतं. हवेत तरंगायचा मंत्रही इथेच आहे. टेलवानी मांत्रिकांच्या अळंबीसारख्या मनोऱ्यांना जिनेच नाहीत, तरंगता येत नसेल तर वर येऊ नका, असा त्यांचा खाक्या. ऑब्लिव्हियनपासून शहरं वेगळी लोड होऊ लागली, भिंतीवरून उडून गेलं तर पलीकडे खरं शहरच नाही, म्हणून तो मंत्र गेला.

भाषेबद्दल. यातला एकही गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. पण आपल्यापैकी ज्यांचं इंग्रजी कागदावर शिकलेलं आहे, वाचताना कळतं आणि परदेशी उच्चार कानावर पडले की निसटतं, त्यांना उलट मोरोविंड सोपा जाईल. मजकूर समोर थांबून राहतो, हवं तर शब्दकोश काढा. स्कायरिम खेळताना निदान खालच्या ओळी सुरू ठेवा. लहान मुलांच्या आईवडिलांनीही एक बघावं: स्कायरिम सतरा वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यात गळे चिरणं जवळून दिसतं. ऑब्लिव्हियनचं वयाचं मानांकनही २००६ मध्ये बाजारात आल्यानंतर वाढवलं गेलं होतं.

अरीना आणि डॅगरफॉल आता मोफत मिळतात. फुकट आहेत म्हणून तिथून सुरुवात करू नका. डॅगरफॉलचं एखादं भुयार तुमचा सगळा उत्साह गिळून टाकेल. मोरोविंड घेतलात तर पहिल्या खेपेला मॉडच्या, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेल्या बदलांच्या, मागे लागू नका. चेहरे ओबडधोबड आहेत, असू द्या. चित्रं नवी करण्यात आठवडा जातो आणि गेम सुरूच होत नाही, हा प्रकार मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिला आहे. पत्ते लिहून घ्यायला वही मात्र जवळ ठेवा, गेममधली रोजनिशी तारीखवार भरत जाते आणि जुनं शोधताना पुरेवाट होते.

आणि कायस कोसाडेस पहिल्या भेटीत तुमच्या हातावर दोनशे नाणी ठेवून म्हणेल, आधी जरा जग बघून ये, कुठल्यातरी संघात भरती हो. तो खरंच सांगतोय, मुख्य कथेमागे लगेच धावू नका. त्या पैशांचं चिलखत घेऊ नका. बाल्मोरातच योद्ध्यांचा संघ आहे, तिथे सदस्य व्हा, सदस्यांसाठी ठेवलेल्या पेटीतलं सामान उचला, आणि ती नाणी तुमच्या शस्त्राच्या शिकवणीवर घाला. सुरुवातीला शिकवणी स्वस्त पडते, नंतर परवडत नाही.