फॉर्मपासून टेबलापर्यंतच्या वाटेलाही गुण हवेत

सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आणि साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासून अभियंते घडवत आहेत. सातारा-सांगलीत संगणक शिकण्याची सोय नाही, असे कोणी म्हणणार नाही. तरीही तयार केलेले वेबपान जावाच्या बॅक-एंडला (मागच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला) जोडण्याचे काम, ज्यावर प्रत्यक्ष नोकरीत दिवसच्या दिवस जातात, शिकवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले दिसत नाही. पॉलिटेक्निकचा ‘आय’ स्कीम नावाचा अभ्यासक्रम पाहा. संगणक शाखेच्या पाचव्या सत्रात ‘अॅडव्हान्स्ड जावा’ सक्तीचा होता, त्यात सर्व्हलेट (पानावरून आलेली माहिती हाताळणारा जावा प्रोग्रॅम) आणि जेडीबीसी (जावाची डेटाबेसशी जोडणी) होते. ब्राउझरच्या बाजूचे स्क्रिप्टिंग मात्र ऐच्छिक विषयांत. विषय वेगळे, पेपर वेगळे. पानात भरलेली माहिती सर्व्हलेटपर्यंत धड पोचते का, हे तपासायचे कोणी?

सांगलीच्या एखाद्या अडत दुकानासाठी हळदीच्या सौद्यांचा फॉर्म करायचा आहे, असे धरा: शेतकऱ्याचे नाव, पोती, वजन, दर. चौकटीला ‘आयडी’ दिला आणि ‘नेम’ द्यायचे राहिले, तर ब्राउझर तिच्यातली माहिती पाठवतच नाही. पान दिसायला निर्दोष, सर्व्हलेटच्या हाती ‘नल’, म्हणजे काहीच नाही. ही चूक निदान लगेच सापडते. खरी पंचाईत पुढे आहे. दिवाणजी मराठी कीबोर्डवरून पोती ‘१२’ आणि वजन ‘६.५’ लिहितात. जावाची पूर्णांक वाचणारी ‘पार्सइंट’ देवनागरी १२ बिनतक्रार स्वीकारते. दशांश वाचणारी ‘पार्सडबल’ मात्र देवनागरी ६.५ पाहून एरर फेकते. वजनासाठी ‘बिगडेसिमल’ वापरले असते तर तेच आकडे चालले असते, आणि दशांशाचा हिशेबही चोख राहिला असता. नावाचे तसेच. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना चार अक्षरे, जावाच्या लेखी दहा, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीस बाइट. डेटाबेसचा रकाना बाइटांत मोजणारा असेल आणि पानावरची मर्यादा अक्षरांत, तर ‘जास्तीत जास्त वीस’ या अटीत हे नाव पानावर बसते आणि टेबलात बसत नाही. नुसते डिझाइन किंवा नुसता जावा शिकलेल्याला हे उमगायला मार्ग नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे की, आता फ्रेमवर्क सगळे सांभाळतात आणि उरलेले एआय लिहून देते. त्यात तथ्य आहे. स्प्रिंग बूट हे जावाचे फ्रेमवर्क यूटीएफ-८ आपणहून लावते. एके काळी सर्व्हलेटमध्ये यूटीएफ-८ सांगणारी ओळ विसरली की मराठी नावांचा चुथडा व्हायचा. पण नावाची मर्यादा किती ठेवावी, देवनागरी आकडे स्वीकारायचे की नाकारायचे, हे फ्रेमवर्क आपल्यासाठी ठरवत नाही. एआयलाही ते सांगावे लागते, आणि सांगायचे तर आधी ठाऊक हवे. दुसरा आक्षेप श्रमविभागणीचा: कंपन्यांत डिझायनर वेगळा, प्रोग्रॅमर वेगळा, मग विषय वेगळे असले तर बिघडले कुठे? मोठ्या कंपनीत दोघांच्या मधले काम निस्तरायला आणखी माणसे असतात. पतसंस्था, बेदाण्याचे व्यापारी, शीतगृहे यांच्यासाठी काम करणाऱ्या दोन-तीन जणांच्या कार्यालयात ती चैन नसते. तिथे पान करणाऱ्यालाच टेबल उघडून बघावे लागते.

अभ्यासक्रम वरून येतो, ही सबबही सगळ्यांना लागू नाही. वालचंद, कऱ्हाड आणि राजारामबापू ही तिन्ही महाविद्यालये स्वायत्त आहेत. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून एकच प्रकल्प तपासायचा, एवढा बदल ती स्वतःच्या अधिकारात करू शकतात. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला मराठी कीबोर्डवरून एक फॉर्म भरायला लावावा, मग डेटाबेसमधली ती ओळ उघडायला सांगावी आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर काय घडले ते विचारावे.