बाण पाहून आवरा

डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये प्रोग्राम नसतो, प्रोग्रामचा पत्ता असतो. विंडोज 95 पासून रूढ झालेली ही फाइल जेमतेम एक-दोन केबीची. चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसला की तो शॉर्टकट समजावा. तो डिलीट केला तरी मूळ प्रोग्राम जागेवरच राहतो. ‘धिस पीसी’सारखी विंडोजची स्वतःची चिन्हे सोडली, तर बिनबाणाची वस्तू म्हणजे खरी फाइल किंवा फोल्डर. तिथे हात जपूनच लावावा लागतो.

जालना जिल्ह्यात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो आपले सरकार सेवा केंद्रांच्या आणि सीएससी केंद्रांच्या संगणकांवर. महाभूलेख, पीएम किसान, पीक विमा ही संकेतस्थळे वेगवेगळी, म्हणून त्यांचे शॉर्टकटही वेगवेगळे. महाडीबीटीचेच शिष्यवृत्ती आणि शेतकरी योजना असे दोन भाग. अंगठ्याचे यंत्र, स्कॅनर, प्रिंटर, मराठी टायपिंग यांची सॉफ्टवेअरे इन्स्टॉल होताना बहुधा आपापला शॉर्टकट ठेवून जातात. त्यात गिऱ्हाइकांचे आधार, सातबारा आणि फोटो ‘स्कॅन 1’, ‘न्यू 2’ अशा नावांनी डेस्कटॉपवरच सेव्ह होतात. जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडाली की चालक पडद्यावर शोधत बसतो आणि रांग खोळंबते.

आवरण्याची सुरुवात बिनबाणाच्या फाइलींपासून करावी. डेस्कटॉप सहसा सी ड्राइव्हवर असतो आणि फॉरमॅट मारताना बहुतेक वेळा तोच पुसला जातो. म्हणून लागणारी कागदपत्रे डी ड्राइव्हवर हलवावीत. काम झालेल्या आधारच्या प्रती डिलीट करून रीसायकल बिनही रिकामे करावे. काम संपल्यावर माहिती विनाकारण साठवू नये, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचेही तत्त्व आहे.

मग शॉर्टकट. दुबार आणि न उघडणारे शॉर्टकट सरळ काढून टाकावेत. त्यामुळे डिस्कवर जागा होत नाही आणि संगणक पळूही लागत नाही. नको असलेला प्रोग्राम घालवायचा तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो अनइन्स्टॉलच करावा लागतो. काही शॉर्टकट काढताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली जाते. ते सर्व वापरकर्त्यांच्या सामाईक ‘पब्लिक डेस्कटॉप’मध्ये असतात.

उरलेल्यांची मांडणी हा खरा विचाराचा भाग. विंडोज एक्सपीमध्ये दर 60 दिवसांनी न वापरलेले शॉर्टकट बाजूला काढायला सुचवणारी सोय होती. सेवा केंद्राला हा हिशेब लागू पडत नाही. खरिपाच्या पीक विम्याचा शॉर्टकट महिनोन्‌महिने पडून राहतो आणि जुलैत दिवसभर लागतो. म्हणून ‘दाखले’, ‘जमीन’, ‘शेती’, ‘शिष्यवृत्ती’ असे कामवार फोल्डर करावेत आणि चालू हंगामाचे तेवढे शॉर्टकट पडद्यावर ठेवावेत. रोजचे चार-पाच प्रोग्राम टास्कबारवर पिन केले की विंडोज कळ आणि 1 ते 9 पैकी आकडा दाबून उघडतात. राइट क्लिक करून ‘व्ह्यू’मधले ‘ऑटो अरेंज’ बंद ठेवावे, नाहीतर चिन्हे हव्या त्या जागी राहत नाहीत. ‘अलाइन टू ग्रिड’ चालू ठेवल्यास ती एका ओळीत बसतात.

बाणाची ओळख आणखी एका ठिकाणी कामाला येते. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधल्या फोल्डरवर बाण दिसला, तर तो ‘शॉर्टकट व्हायरस’ असण्याची दाट शक्यता असते. हा व्हायरस खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो. त्यावर डबल क्लिक केले की तो संगणकात शिरतो. असा फोल्डर न उघडता पेनड्राइव्ह आधी अँटिव्हायरसने तपासावा.

ही आवराआवर खरिपाच्या तोंडावर एकदा आणि रब्बीच्या आधी एकदा केली, तरी एका केंद्राला वर्षभर पुरते.