नवरा-बायकोने सॅक पाठीवर घेतली तर काय बिघडलं?

गेल्या ईदला घरी पाहुणे होते. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मेच्या सुट्टीत आम्ही दोघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. टूरने नाही, सॅक घेऊन. बसने, ट्रेनने, जमेल तसं." खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग फुफी म्हणाल्या, "बेटा, पैसे साठलेच असतील तर उमरा कर ना." भाभी हसल्या, "या वयात हनिमून?" एका भाच्याने मात्र विचारलं, "खाला, तिथे डोंगर आहेत?" मुद्द्याचा प्रश्न तेवढा एकच होता.

उमऱ्याची इच्छा मलाही आहे, आणि अल्लाहने बोलावलं तर जाऊच. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. आपल्या समाजात नवरा-बायकोने एकत्र प्रवासाला निघायचं म्हटलं, की दरवेळी एखादं धार्मिक किंवा कौटुंबिक कारण का दाखवावं लागतं? लग्न, मयत, माहेर, दर्गा, दवाखाना, ही कारणं चालतात. दोघांना एकमेकांसोबत चालायचंय, अल्लाहची दुनिया बघायचीय, हे कारण चालत नाही.

मी कर्जतला राहते. शनिवार-रविवारी सकाळच्या लोकलने पाठीवर सॅक घेतलेली जोडपी उतरतात. कोणी कोंढाण्याच्या लेण्यांकडे जातं, कोणी खांडसहून भीमाशंकरच्या वाटेला लागतं, कोणी खालापूर तालुक्यात इर्शाळगडाकडे. परदेशी पाहुणेही दिसतात. त्यांच्या दृष्टीने आपलाच मुलुख म्हणजे उष्ण कटिबंधातला साहसी प्रवास. आपण मात्र स्टेशनबाहेर उभं राहून त्यांना डोंगराची वाट सांगतो. त्या वाटेने आपण स्वतः कधी गेलेलो नसतो. नेरळ-माथेरानची छोटी गाडी पीरभॉय या मुस्लिम व्यापारी घराण्याने बांधली आणि ती १९०७ साली सुरू झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण डोंगर चढणं हे 'त्यांचं' काम, असं आपणच ठरवून टाकलंय.

माझ्या बाबतीत याला आणखी एक कारण होतं. माझे शोहर सोळा वर्षं आखातात होते. दरवर्षी दीड महिन्याची सुट्टी मिळायची. एकदा वर्गात गणिताच्या तासाला बदली शिक्षिका म्हणून बसले होते, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर सहज हिशेब मांडला. सोळा वर्षांत आम्ही एका छताखाली राहिलो ते एकूण दोन वर्षं. त्यातलेही निम्मे दिवस पाहुणचारात, लग्नांत आणि घराच्या दुरुस्तीत गेलेले. ते कायमचे परत आले तेव्हा आम्ही दोघं मुलांचे आई-वडील होतो, घराचे कारभारी होतो, पण एकमेकांचे सोबती होतो का, याची मला खात्री नव्हती. जेवताना बोलायचो ते वीजबिलाबद्दल, नाहीतर मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाबद्दल. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत हेच आहे. फक्त कोणी बोलत नाही.

मागच्या डिसेंबरात मुलांना अम्मींकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे सोपवून आम्ही पेठच्या किल्ल्यावर गेलो. याला कोथळीगडही म्हणतात. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवली, तिथून पायी पेठ गाव आणि मग वर किल्ला. पहिला तास आम्ही गप्पच होतो. मी बुरख्याऐवजी सैलसा कुर्ता-सलवार घातला होता, डोक्यावर नेहमीचा हिजाब, पायात मुलाचे स्पोर्ट्स शूज. दुसऱ्या वळणावर माझा श्वास फुलला. त्यांनी काही न बोलता माझी सॅक घेतली आणि आपल्या छातीवर अडकवली. पुढे एका दगडावर बसलो असताना त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की आखातातल्या पहिल्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी ते संडासात जाऊन रडले होते. ही गोष्ट सोळा वर्षं फोनवर सांगता आली नव्हती.

रात्री पेठ गावात एका ठाकर कुटुंबाकडे राहिलो. पिठलं, भाकरी, ठेचा आणि भात असं जेवण होतं, त्यामुळे हलालचा प्रश्नच आला नाही. नमाजसाठी जागा विचारली तर आजींनी ओटी झाडून दिली. पहाटे गडावर गेलो. कातळात कोरलेली गुहा आणि सुळक्याच्या पोटातून खोदत नेलेल्या पायऱ्या! माथ्यावरून समोर पदरगड आणि भीमाशंकरची रांग दिसते. शोहर म्हणाले, "हे घरापासून इतकं जवळ होतं?" दोघांचा मिळून खर्च दीड हजाराच्या आत आला. एखाद्या लग्नातल्या आहेराचं पाकीटही कधीकधी याहून जड असतं.

आता दीनचा मुद्दा, कारण शेवटी गाडी तिथेच येते. जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआन एकदा नाही, अनेकदा सांगतं. प्रवाशासाठी शरियतने सवलती ठेवल्या आहेत: नमाज कस्र, रोजा पुढे ढकलण्याची मुभा. (पेठला कस्र लागू झाली नाही. आम्ही कोकणी लोक शाफई, आणि त्यासाठी ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं.) प्रवास नकोच असता तर त्याच्यासाठी इतके तपशीलवार नियम कशाला असते? बाईने महरमशिवाय प्रवास करावा का, यावर उलेमांत चर्चा आहे. पण इथे तर खुद्द नवराच सोबत आहे.

आणि सीरतमध्ये काय आहे? एका सफरीत रसूलुल्लाह (स.) आणि हजरत आयशा (र.) यांनी धावण्याची शर्यत लावली आणि हजरत आयशा जिंकल्या. काही वर्षांनी पुन्हा शर्यत झाली, तेव्हा त्या हरल्या आणि हुजूरांनी हसून जुन्या शर्यतीची फेड झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या एका सफरीत त्यांचा हार हरवला. तो शोधण्यासाठी सगळा काफिला थांबला आणि जवळ पाणी नव्हतं. वडील हजरत अबू बकर (र.) त्यांच्यावर रागावले. त्याच प्रसंगी तयम्मुमची आयत उतरली, आणि नंतर हार सापडला तो त्यांच्याच उंटाखाली. आज पाण्याविना अडलेला प्रत्येक नमाजी जी सवलत घेतो, तिच्यामागे एका पती-पत्नीचा प्रवास आहे. आपण तयम्मुमचे मसले पाठ करतो आणि तो प्रवास विसरतो.

हे फार जुनं झालं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यात या. जंजिऱ्याच्या नाझली बेगम १९०८ साली पती नवाब सिदी अहमद खान यांच्यासोबत युरोपला गेल्या आणि 'सैर-ए-यूरोप' हे प्रवासवर्णन त्यांनी उर्दूत लिहिलं. त्या राजघराण्यातल्या होत्या, मान्य. त्यांच्याकडे नोकर होते, आपल्याकडे एसटी आहे. पण मुरूडची एक मुस्लिम बाई शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत जग बघून त्याबद्दल लिहू शकली, तर आज बीएड झालेल्या आपल्या मुलींना घाटमाथाही परका का वाटावा?

भीती खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. पेठच्या आधी आम्ही दुसरीकडे खोली ठरवत होतो. फोनवर सगळं ठरलं, मग नाव विचारलं, मग "थांबा, बघून सांगतो" आणि परत फोन आलाच नाही. कदाचित खोली खरंच भरली असेल. पण असा 'कदाचित' आपल्या वाट्याला जरा जास्त येतो. म्हणून अनेकजण निघतच नाहीत. मला वाटतं, उत्तर उलट आहे. घरात बसून ही दरी वाढेल. पेठच्या आजींनी आयुष्यात पहिल्यांदा हिजाबवाली पाहुणी पाहिली, असं त्यांनीच सांगितलं. निघताना त्यांनी मला अर्धा किलो नाचणी बांधून दिली. पुढच्या मुस्लिम जोडप्याला तिथे कमी अवघड जाईल.

मात्र जायचं ते शहाणपणाने. पावसाळ्यात आपल्या तालुक्यांत दरवर्षी धबधब्यांवर माणसं बुडतात, मग प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. इर्शाळगड चढणाऱ्यांना पाणी देणारी, जेवू घालणारी ती वस्ती होती. ज्याला आपण साहसाची जागा म्हणतो ते कोणाचं तरी घर असतं. तिथे रीलसाठी जाऊ नये. जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि कचरा आपल्या सॅकमधून परत आणावा. हासुद्धा आपल्या अखलाकचा भाग आहे.

राहिली श्रीलंका. भाच्याला उत्तर द्यायचं बाकी आहे: हो बेटा, तिथे डोंगर आहेत. त्यातला एक श्रीपाद, म्हणजे आदमचं शिखर, २,२४३ मीटर उंच. आपल्या कळसूबाईहून सुमारे सहाशे मीटरने अधिक. माथ्यावर पावलाच्या आकाराचा एक ठसा आहे. बौद्ध त्याला बुद्धाचं पाऊल मानतात, हिंदू शिवाचं, अनेक मुसलमान हजरत आदमचं. तो आपल्या अकीद्याचा भाग नाही, पण इब्न बतूता १३४४ मध्ये तिथे चढला होता, कातळावरच्या साखळ्या धरत. तिथले बहुतेक मुसलमान आपल्यासारखेच शाफई आहेत. कोलंबोहून रेल्वेने हॅटन, पुढे बस आणि मग रात्रभर हजारो पायऱ्या. वैशाख पौर्णिमेनंतर यात्रेचा हंगाम संपतो, म्हणून परीक्षांचे निकाल लागले की लगेच निघायचं, असं ठरतंय.

माझे गुडघे आता कुरकुरतात. त्यांची साखर वाढलीय. "सगळं आटोपलं की जाऊ" म्हणत थांबलो, तर चढायला पाय राहणार नाहीत. फुफींना मी एवढंच म्हटलं, "दुआ करा. उमऱ्यालाही आम्ही जाऊ, इन्शाअल्लाह. तवाफ आणि सईलाही चालावंच लागतं, तोवर पायांना सवय होईल."

तुमच्या घरातही कोणी आखातातून परत आलं असेल, तर आधी श्रीलंका नको, पेठला जा. रविवार सोडून जा, गर्दी कमी असते.