फलाट ते गुहा

माघ पौर्णिमा जवळ आली की सालेकसा तालुक्यातल्या धनेगावची वाट गजबजू लागते. कचारगडच्या डोंगरातल्या गुहेत पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि माता काली कंकाली यांच्यापुढे माथा टेकायला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड बांधव येतात. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात या स्थळाकडे समाजाचे लक्ष वेधले, तेव्हा येणारी माणसे मोजकी होती. आज तिथे लाखोंचा मेळा भरतो. आपल्या गोंदिया जिल्ह्याने अभिमान बाळगावा असा हा सोहळा आहे, म्हणूनच त्याची काळजीही आपणच वाहायला हवी.

कचारगडला येणाऱ्याचा प्रवास बहुधा रेल्वेने सुरू होतो. बल्लारशा, बालाघाट आणि दुर्ग या तिन्ही दिशांचे मार्ग गोंदिया जंक्शनला मिळतात. पुढे हावडा मार्गावर सालेकसा आणि दरेकसा ही छोटी स्थानके. तिथे उतरलेला माणूस एसटीची जादा बस, काळीपिवळी किंवा स्वतःचे पाय यांच्या भरवशावर मेळ्याकडे निघतो. आपले सगळे नियोजन मात्र दोन टोकांनाच होते. इकडे गाड्या, तिकडे मंडप. मधला तुकडा कोणाचा? फलाट रेल्वेचा, बस महामंडळाची, जंगल वनखात्याचे, बंदोबस्त पोलिसांचा, मेळा आयोजन समितीचा. प्रत्येकाची हद्द जिथे संपते, तिथेच गर्दी साचते.

माणसे दगावली आहेत तीही बहुतेकदा अशाच जागी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. पावसामुळे लोक जिन्यावर थांबून राहिले होते आणि मागून लोकल रिकाम्या होत होत्या. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर कुंभमेळ्याला निघालेल्या १८ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी ४ जूनला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण मरण पावले. पूल, जिना, दरवाजा, सगळ्या मधल्याच जागा.

विदर्भाला तर हे सांगण्याचीही गरज नसावी. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चा घेऊन गेलेले ११४ गोवारी बांधव चेंगरून मेले, त्यांत बायका आणि लेकरे जास्त होती. गोवारी समाज आपल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यातलाही आहे. मागण्या घेऊन गेलेली माणसे परतली नाहीत, आणि नंतर कित्येक वर्षे चर्चा झाली ती लोकांच्या बेशिस्तीची की पोलिसांच्या काठीची, एवढीच. माणसांना मागे सरकायला जागा किती होती, हा प्रश्न त्या वादात मागे पडला.

गर्दी बेशिस्त असते म्हणून माणसे मरतात, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की कोणीच आपल्या मर्जीने हलत नाही. धक्का एका टोकाला बसला तरी दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो आणि छातीवरच्या दाबाने उभ्या माणसाचा श्वास कोंडतो. तिथे शिस्त शिकवून काही उपयोग नसतो. अशा चेंगराचेंगरीत आधीपासून नियम पाळणारी, आजी-नातवंडांचा हात धरून चालणारी माणसेही तेवढीच सापडतात. कचारगडच्या कथेतही गुहेच्या तोंडावरची शिळा हलवून आतल्या मुलांना मोकळे करणारा हिरासुका पाटालीर स्वतः त्याच शिळेखाली चिरडला गेला. वाट मोकळी करणाऱ्याच्या स्मरणाला येणाऱ्या माणसांसाठी वाट मोकळी ठेवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.

खरा धोका परतीला असतो. लोक येतात ते दिवसभरात, थोडे थोडे. पण सायंकाळी उतरतात ते एकाच वेळी, थकलेले, अंधार पडायच्या आत गाडी गाठायच्या घाईत. छोट्या स्थानकाचा फलाट एवढ्यांना पुरणारा नसतो. म्हणून गर्दी थांबवायची ती फलाटावर नाही, मेळ्याच्या मोकळ्या मैदानात. तिथेच पाणी, सावली, दिवे हवेत आणि पुढची गाडी कोणती, किती वाजता, कुठे थांबेल हे सतत सांगणारा भोंगा हवा. तो गोंडी, हिंदी, मराठी, छत्तीसगढी आणि तेलुगूतही बोलला पाहिजे. न समजणारी घोषणा माणसाला धावायला लावते. बस गाडीच्या वेळेला बांधलेली हवी. एक गाडी भरून सुटली की मगच मैदानातून पुढच्या बस सोडाव्यात. पायी जाणाऱ्यांची वाट वाहनांपासून वेगळी असावी. जाण्याची आणि येण्याची वाटही शक्यतो एक नसावी.

हे अवघड नाही. शेजारच्या डोंगरगडला नवरात्रात बम्लेश्वरीच्या यात्रेसाठी रेल्वे जादा थांबे देते, गाड्या वाढवते. कचारगडचे वेळापत्रकही मेळ्याच्या पुष्कळ आधी, मेळ्याच्या पत्रकाबरोबरच गावोगावी पोचावे. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यासाठी एकच अधिकारी नेमावा. दरेकसा-सालेकश्याचे फलाट, धनेगावचा रस्ता आणि मेळ्याचे मैदान या तिन्हींवर त्याची सत्ता चालावी. गरज पडली तर स्टेशनमास्तरला, आगारप्रमुखाला आणि ठाणेदाराला तो एकाच फोनवर थांबवू शकेल. शेवटची गाडी सुटून शेवटचा माणूस निघेपर्यंत त्याने तिथून हलू नये.