श्रेयांकांच्या बाजारात हाताला अर्धी मजुरी

विद्यार्थ्याची सरासरी श्रेणी काढणे हे कारकुनी काम आहे, असे मानून ते परीक्षा विभागावर सोपविणे सोयीचे असते. परंतु या हिशेबात एक वर्गीय निवाडा दडलेला आहे.

रीत साधी आहे. प्रत्येक विषयातील श्रेणीगुणांना त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणावयाचे, गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागावयाचे. ज्या विषयाचे श्रेयांक अधिक, त्याचे वजन अधिक. मग श्रेयांक ठरतात कशावर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला मात्र तेवढ्याचसाठी दोन तास. २०२२ च्या चौकटीतही व्याख्यानाचे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास सारखेच मानले गेले.

परिणाम पाहावा. आठवड्याला चार तास व्याख्याने आणि चार तास प्रात्यक्षिक असतील, तर पहिल्याचे श्रेयांक चार, दुसऱ्याचे दोन. व्याख्यानाच्या विषयात ९ आणि प्रात्यक्षिकात ६ श्रेणीगुण मिळविणाऱ्याची सरासरी ८ भरते. प्रात्यक्षिकात ९ आणि व्याख्यानाच्या विषयात ६ मिळविणाऱ्याची भरते ७. वेळ तितकाच, श्रेणी त्याच. फरक एवढाच की दुसऱ्याचा हात चालतो.

व्याख्यानानंतर घरी अभ्यास करावा लागतो, असे समर्थन केले जाते. प्रात्यक्षिकाची पूर्वतयारी आणि नोंदवही काय आपोआप होते? पाठांतर ही विद्या आणि यंत्रावरचे कौशल्य ही हमाली, हा जुन्या वर्णव्यवस्थेचाच न्याय येथे दशांशचिन्हाचा मुखवटा घालून आला आहे.

ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०६ साली कापडगिरणी उभारली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, जेथील उद्यमनगर कारागिरांच्या हातांवर उभे राहिले, त्या नगरीने हा निवाडा मुकाट्याने स्वीकारणे लाजिरवाणे आहे. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ ग्रामीण बहुजनांच्या मुलांसाठी ज्ञानाचे दार ठरले. त्या दाराशी श्रमाला अर्धा भाव मिळता कामा नये.

विद्यार्थी संघटनांनी अधिसभेत आणि विद्या परिषदेत सरळ मागणी करावी: समान तासांना समान श्रेयांक मिळावेत, यासाठी विद्यापीठाने आयोगाकडे ठराव धाडावा. समान कामाला समान दाम मागणाऱ्या कार्यकर्त्यांना ही लढाई परकी वाटण्याचे कारण नाही.