दुपारी दोन वाजता घरी कोण असते?

गेल्या महिन्यात एक कुटुंब दवाखान्यात आले, पण त्यांच्यापैकी आजारी कोणीच नव्हते. पती-पत्नी दोघेही हिंजवडीला नोकरीस, नऊ वर्षांची मुलगी आणि बरोबर आजी. राहणे आठव्या मजल्यावरील दोन शयनगृहांच्या सदनिकेत. मुलीला वाढदिवसाला कुत्र्याचे पिल्लू हवे होते. लहानपणी तिला दम्याचा त्रास असल्यामुळे ‘डॉक्टरांना विचारून ठरवू’ असे घरात ठरले होते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे होते. ‘केस न गळणारी जात घेतली की ॲलर्जी होत नाही’ हा समज खरा नाही. ॲलर्जी घडवणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, त्यामुळे कोणतीही जात संपूर्ण निर्धोक नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा स्नेह्यांकडे मुलीने चार-पाच वेळा काही तास घालवावेत, शिंका, डोळ्यांची खाज किंवा धाप दिसते का ते पाहावे आणि मग पुढचा विचार करावा, असे मी सुचविले.

त्यानंतर मी विचारले, “दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल?”

“आई असतातच की घरी,” सूनबाई चटकन म्हणाल्या.

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या डाव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे, पंधरा वर्षांचा मधुमेह आहे आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे, हे सगळे माझ्याकडच्या कागदांत होते. पायात घुटमळणारे पिल्लू किंवा पट्ट्याला हिसका देणारा पंचवीस किलोंचा कुत्रा अशा व्यक्तीला पाडू शकतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. मधुमेही पायावरची जखम कुत्र्याने चाटणे हेही टाळण्याजोगेच. मी आजींनाच विचारले, “तुम्हाला काय वाटते?”

“मला कुत्र्याची भीती नाही हो डॉक्टर. माहेरी दोन होते. पण ते अंगणात असायचे, आणि तेव्हा मी धावत होते.”

हा प्रश्न मी एवढ्या आग्रहाने का विचारते, त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे. मुलगा लहान असताना आम्ही लॅब्राडॉरचे पिल्लू आणले. शेरू त्याचे नाव. यजमान बँकेत, माझा दवाखाना दोन्ही वेळचा, मुलगा शाळेत. शेरू सकाळी नऊपासून दुपारी उशिरापर्यंत एकटा असे. वर्षभरात त्याने पुढचा उजवा पाय चाटून चाटून तेथे जखम केली. मी मलम लावी, पट्टी बांधी, तो ती सोडी. शेवटी पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी पाय पाहिला आणि माझ्याकडे पाहून विचारले, “हा दिवसभर काय करतो?” दिवसाकाठी साठ रुग्णांना दिनचर्या विचारणाऱ्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. अखेर शेरूला नाशिकजवळ एका नातेवाइकांच्या मळ्यावर पाठवले. तेथे तो सुखाने राहिला. मुलगा मात्र कित्येक महिने त्याच्याविषयी एक शब्दही बोलला नाही, आणि ते गप्प राहणे मला अजून आठवते.

म्हणून सांगते, सदनिकेचे क्षेत्रफळ हा दुय्यम मुद्दा आहे. कुत्रा बराच वेळ झोपूनच काढतो. लहान घरातही तो आनंदाने राहतो. त्याला लागतात ते माणसांचे तास. दोन महिन्यांचे पिल्लू दर दोन तासांनी लघवी करते, रात्रीही उठवते. सुरुवातीच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये नेता येत नाही, म्हणजे ते सगळे घरातच निस्तरावे लागते. मोठ्या कुत्र्यालाही सहा-आठ तासांपेक्षा अधिक कोंडून ठेवणे अन्यायाचे. बाहेर जाताना बाल्कनीत बांधून ठेवणे तर एप्रिल-मे महिन्यांत जिवावर बेतू शकते, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. चपट्या नाकाच्या पगला हे विशेष जड जाते. दाट केसांचा हस्की पुण्याच्या उन्हाळ्यात का आणावा, हे मला आजवर कळलेले नाही. नोकरदार घराने पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचा, स्वभाव कळलेला देशी कुत्रा दत्तक घेण्याचा विचार जरूर करावा. आणि हा करार दहा-बारा वर्षांचा असतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. तो म्हातारा होईल तेव्हा ती महाविद्यालयात, कदाचित परगावी असेल.

सोसायटीच्या धाकाने मात्र कोणी मागे हटू नये. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. आपण महापालिकेचा परवाना काढावा आणि विष्ठा स्वतः उचलावी, एवढे पथ्य पाळायचे.

रेबीजविषयी मात्र थोडे थांबून सांगते. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी. ‘घरचाच आहे, खेळताना दात लागला’ म्हणून ओरखडा अंगावर काढणारे रुग्ण मी दरवर्षी पाहते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; लस घ्यायची की नाही, ते घरी बसून ठरवू नये. एकदा लक्षणे दिसू लागली की या आजारातून रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. स्वयंपाकघराबद्दलही एक सूचना: कांदा, लसूण, चॉकलेट आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषासमान आहेत. आजोबा-आजी प्रेमाने घास भरवतात, त्यांना हे आधी सांगून ठेवावे.

त्या कुटुंबाला मी होकारही दिला नाही आणि नकारही. म्हटले, एक महिना कुत्र्यावाचून कुत्रा पाळा. सकाळी सहाला अर्धा तास आणि रात्री साडेनऊला अर्धा तास कोणीतरी खाली उतरून चालायचे, पाऊस असो वा थकवा. दुपारी दोनला दोघांपैकी एकाने घरी यायचे किंवा विश्वासू माणसाची व्यवस्था करायची. आजींना त्यात धरायचे नाही. मुलीने रोज दिनदर्शिकेवर खूण करायची. मुलीला ही कल्पना फारच आवडली. वडील जरा कसनुसे हसले.

काल आजी साखर तपासायला आल्या होत्या. एकोणीस दिवस झाले आहेत. सकाळच्या सतरा खुणा झाल्या, बहुतेक सूनबाईंच्या. मुलाच्या परदेशी बैठका रात्रीच असल्याने रात्रीच्या जेमतेम आठ. दुपारची एकही नाही. सूनबाईंनी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करण्यासाठी अर्ज केला आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. नात रोज झोपताना आजीला विचारते, “दुपारी कोण येणार गं?”