वाकळीचे माप

आईची दोन लुगडी पेटीत होती. त्यांची वाकळ शिवून घ्यावी म्हणून मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला : दोन्ही लुगडी शेजारीशेजारी, भोवती लाल किनार. आमच्या रुंद पलंगाला बरोबर!

हिशेब सोपा होता. ९ वार लुगड्याची चौघडी घातली की लांबी सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच. पन्हा सव्वा वार. मावशीने कागद पाहिला. म्हणाली, "धावदोरा कापड ओढतो. चार बोटं आखडंल." मी आकडा सुधारला. तशी ती म्हणाली, "पलंग मोजलास, लेकरं मोजलीस का? दोन्ही लुगडी इथंच, मग धाकटीला काय?"

मी मराठीचा प्राध्यापक. जनाबाई आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. विठ्ठल घाईत आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून गेला, ही कथा मी वर्गात रंगवून सांगतो. आणि घरी मात्र आईची वाकळ एकट्याच्या नावावर!

कागद फाडला. दोन अरुंद वाकळी झाल्या. धाकटीचा निरोप आला, "दादा, कुशीवर वळलं की पाठ उघडी पडते, पण झोप लागते."

आमचीही पाठ उघडी पडते. मी मात्र तक्रार करीत नाही.